चोरलच्या काठी सहकुटुंब रानमुक्काम, चाकूवाल्या मंडळींसोबत

रामबागेची_सून

मागच्या महिन्यातल्या मुक्कामाबद्दल लिही लिही म्हणून बऱ्याच जणी मागे लागल्यात, तर इथेच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगायला नको. आधीच स्पष्ट करते की चाकूंचं वेड आमच्या ह्यांना, मला नाही. घरात भाजीची सुरी एक आणि ह्यांच्या कपाटात चाकू किती ते विचारू नका, प्रत्येकाला खोबरेल लावून, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला, मुलांच्या डोक्यालासुद्धा इतक्या नेमानं तेल लागत नाही.

तर इंदूरात असे वेडे बरेच आहेत, स्वतःला ‘चाकूप्रेमी’ म्हणवतात आणि ते एकमेकांना शोधून काढतात. सात-आठ घरं मिळून ठरलं की थंडीत एक शनिवार-रविवार बायकामुलांसकट बाहेर राहायचं. जागा सिमरोल ओलांडून चोरलच्या पुढे, ओळखीतल्या एकांचं शेत, खाली नदी. वीज नाही, नळ नाही, संडास नाही, तंबूसुद्धा नाही, नुसती ताडपत्री आणि सुतळीचे बंडल. माझी सासू म्हणाली, एवढे पैसे कमवून पुन्हा असंच राहायचं होतं तर आम्ही काय वाईट राहत होतो.

नियम दोनच होते. गॅसची शेगडी आणि लायटर आणायचा नाही, आणि एका माणसानं एकच चाकू आणायचा.

हा दुसरा नियम ज्यानं कुणी काढला त्याला माझा नमस्कार. आठवडाभर रोज रात्री जेवण झालं की आमच्याकडे पलंगावर चाकू मांडून हे बसायचे, हा घेऊ का तो घेऊ, ह्याची मूठ चांगली पण पातं जाड, त्याचं पातं पातळ पण मग लाकूड कशानं फोडू, मुलीच्या लग्नाला स्थळं बघताना सुद्धा माणूस एवढा घोळ घालत नाही हो. आणि शेवटी नेला कुठला, तर कपाटातला सगळ्यात स्वस्त, प्लॅस्टिकच्या मुठीचा तो स्वीडनचा मोरा! बाकीच्यांचंही तसंच. एकांनी फ्रान्सचा ओपिनेल आणला, लाकडी मुठीचा आणि फिरवायच्या कड्याचा, एकांनी लोहाराकडून ट्रकच्या कमानीपट्ट्याचा करून घेतलेला. आणि मी आपली घरची विळी नेली. विळीला चाकू म्हणायचं का ह्यावर गाडीत सिमरोलपर्यंत वाद चालून राहिला होता. माणशी एक पातं असं मी म्हटलं, आणि विळी मांडीवर घेऊन बसले.

आता मुद्द्याचं, म्हणजे मुलं. मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच होती. आमची धाकटी नऊची, थोरला तेराचा. तिथे गेल्या गेल्या एका दादांनी सगळी पोरं गोल बसवली आणि प्रत्येकाच्या हातात आधी दिली अंगाच्या साबणाची वडी आणि आइसक्रीमची काडी. ह्या काडीनं साबणाचा मासा करा म्हणाले. मासा होईस्तोवर चाकू नाही. तासभर चिडीचूप, मी माझ्या पोरांना इतकं गप्प बसलेलं मोबाईलशिवाय पाहिलेलं नाही. काडीनं काय साधतं तर हात कुठे, बोटं कुठे, जोर किती, आणि सोलायचं ते अंगापासून लांब.

मग चाकू. आणि बोथट नाही, चांगला धारेचा. मी म्हटलं अहो धार काढून द्या ना पोरांना, तर ते दादा म्हणाले ताई, बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो सटकतो, मग जिथे जायला नको तिथे जातो, धार असली की नुसतं टेकवून ढकललं तरी कापतं आणि पोराच्या मनात त्याचा धाक राहतो. पटलं मला, कारण विळीचं तसंच आहे, बोथट विळीवर बोट कापतं तसं धारेच्या विळीवर नाही कापत.

कापायचे नियम लहान होते पण कडक. बसूनच कापायचं. कोपर गुडघ्यावर आणि काम गुडघ्यांच्या पुढे, मांड्यांच्या मधे कधीच नाही, कारण मांडीच्या आत मोठी रक्तवाहिनी असते. बसण्याआधी हात लांब करून सगळीकडे फिरवायचा, त्या रिंगणात कोणी असेल तर थांबायचं. चाकू हातात घेऊन उठायचं नाही, आधी म्यानात, मग उठायचं. दुसऱ्याला देताना मूठ पुढे, आणि घेणारा ‘घेतला’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. ज्यानं नियम मोडला त्याचा चाकू संध्याकाळपर्यंत जप्त. पहिला जप्त झालेला चाकू एका बाबांचा होता, पोरांना काय आनंद झाला म्हणून सांगू!!

पोरांनी कापलं काय, तर शेताच्या बांधावरची घाणेरी. ती कापली तर शेतमालक उलट खूश, कारण ती सगळं गिळून राहिली आहे. तिच्या काठ्यांच्या खुंट्या केल्या ताडपत्रीसाठी. फक्त एक सांगितलं होतं की घाणेरीच्या किंवा कण्हेरीच्या काडीला काहीही खोचून भाजायचं नाही, दोन्ही विषारी. भाजायला बांबूच्या काड्या.

विस्तवाची गंमत वेगळीच. फेरो रॉड म्हणून धातूची एक कांडी असते, तिच्यावर चाकूची पाठ घासली की ठिणग्या पडतात, पण नुसत्या ठिणगीचं करायचं काय. मी घरून जुन्या उशीतला सावरीचा कापूस नेला होता. तो भुर्रकन पेटतो आणि तितक्याच भुर्रकन विझतो, म्हणून खाली कंड्यांचा, म्हणजे गोवऱ्यांचा, भुगा, तो विस्तव धरून ठेवतो. मग वाळक्या काडीच्या कडा सोलून सोलून झुबका केलेला, त्याला ही मंडळी फेदर स्टिक म्हणतात आणि त्यावरून एकमेकांना मार्क देतात. रात्री कंड्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकळून मग निखाऱ्यात, आणि शेतावरच्या मावशींनी मक्याच्या पिठाचे पानिये करून दाखवले, पळसाच्या दोन पानांमधे थापून कंड्यांच्या आरात. तुपात बुडवून खाल्ले. त्याच्यापुढे आमच्या सराफ्याच्या खाऊबाजारात काही नाही, असं मी इंदूरची असून म्हणते आहे, भांडायला या.

थंडी मात्र भयंकर. खाली पराळ अंथरलं होतं तरी पहाटे हाडं वाजत होती. विधींसाठी नदीपासून चांगलं लांब चर खणला होता, राख आणि माती टाकत राहायची, नवीन सुनांनी आधी नाकं मुरडली मग सवय झाली. पाणी नदीचं, फडक्यातून गाळून खळखळ उकळलेलं.

विचारा काय विचारायचं ते.

सुदामानगरकर

वहिनी लिहिलंय झकास पण मला हे पटत नाही. रोज पेपर उघडला की चाकूबाजी, शाळेच्या पोरांच्या दप्तरात चाकू सापडून राहिलेत, आणि आपण नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात कौतुकानं चाकू देऊन राहिलो? क्रिकेटची बॅट द्या ना. आणि ‘चाकूप्रेमी’ हे नावच कसं वाटतं ऐकायला.

रामबागेची_सून

भाऊजी, नाव मलाही आवडत नाही, त्यांचं त्यांनी ठेवलंय. पण दप्तरात चाकू नेणारं पोरगं आणि घाणेरीची खुंटी करणारं पोरगं ह्यात फरक आहे. पहिल्याला चाकू दाखवायचा असतो. आमच्या धाकटीला आता तो दाखवण्यात रस उरलेला नाही, तिला चमचा करायचाय. आणि चाकू तिच्याकडे राहत नाही, ह्यांच्या कपाटात कुलपात असतो, मागितला की आमच्यासमोर मिळतो. तुमच्या आईनं तुम्हाला कितव्या वर्षी नारळ फोडायला कोयता दिला होता ते आठवून सांगा.

सुदामानगरकर

आई नाही, आजोबांनी दिला होता. पण तो जमाना वेगळा होता.

वकीलकाका_राजवाडा

जमाना वेगळा असला तरी कायदा १९५९ चाच आहे 😀 सगळ्यांनी नीट वाचून घ्या, कारण ऑनलाइन जे दिसेल ते मागवून राहिलेत लोक. आर्म्स ॲक्टखालच्या नियमांच्या यादीत धारदार हत्यारांचा एक वर्ग आहे, त्यात तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. त्यातून घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. म्हणून तुमची विळी सुटते आणि शेतकऱ्याचा कोयताही सुटतो. खुकरीचं मात्र त्या यादीत नाव घेऊन लिहिलंय, तेव्हा भिंतीवर टांगायला म्हणून मोठी खुकरी आणणाऱ्यांनी विचार करावा. तुमचे मोरा, ओपिनेल चार इंचांच्या आसपासचे, त्यांचा प्रश्न नाही.

पण ‘प्रश्न नाही’ ह्याचा अर्थ कमरेला लावून छप्पन दुकानवर पोहे खायला जा असा नाही. सणासुदीला, निवडणुकीला जिल्हा प्रशासन जमावबंदीसोबत हत्यारबंदीचे आदेश काढतं, पूर्वी ते कलम १४४ होतं, आता नवीन संहितेत १६३. तेव्हा चार इंचांचासुद्धा महागात पडेल. गाडीत न्यायचा तर म्यानात, सामानाच्या तळाशी, ताडपत्री आणि दोराच्या सोबत, म्हणजे कुणी विचारलं तर कशाला नेताय हे सामानच सांगतं.

आणि शेत निवडलंत ते उत्तम केलंत. राखीव जंगलात विस्तव पेटवणं, झाड तोडणं हे १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. रालामंडलसारख्या अभयारण्यात तर १९७२ च्या कायद्यानं आग लावायची नाही आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायचंही नाही. पुष्कळ मंडळी पावसाळ्यात धबधब्यांवर जाऊन चूल मांडतात ती जागा कुणाची आहे हे बघतच नाहीत.

कमानीपट्टा

काका एकदम बरोबर. मी तोच, ज्याचा लोहाराकडचा चाकू वहिनींनी वर लिहिलाय. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगतो. रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांचे गाडे दिसतात ना आपल्याकडे, त्यांच्यातल्या एकांकडून करून घेतला. जुन्या ट्रकच्या कमानीचा तुकडा मीच नेला होता. बघण्यासारखं काम असतं भिया, नवरा सांडशीनं लोखंड धरून फिरवतो आणि बायको घण घालते, आणि घण असा पडतो की आपण दोन वार केले तर खांदा निखळेल. कमानीचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजवालं असतं, चिवट, वाकतं पण मोडत नाही, म्हणून लाकूड फोडायच्या चाकूला झकास. फक्त खूप चाललेल्या कमानीत बारीक तडे असू शकतात जे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तुकडा निवडून घ्या.

खरी कला पाणी देण्यात. लाल झालं आणि बुडवलं असं नसतं. मी चुंबक घेऊन गेलो होतो, लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायचं, आणि ह्या पोलादाला पाण्यात नाही, कोमट तेलात, पाण्यात चटकन थंड होऊन तडकायची भीती. बुडवून काढलं की पातं काचेसारखं कडक होतं, कानस फिरवली तर नुसती घसरते. मग घरी येऊन ओव्हनमधे २०० अंशांवर दोन वेळा तास-तास ठेवलं, पिवळसर गवताचा रंग चढेपर्यंत. हे नाही केलं तर पहिल्याच फोडणीला टवका उडणार. बायकोनं त्या ओव्हनमधे नंतर महिनाभर केक केला नाही ते सोडा.

तिथेच एकांचा ऑनलाइन मागवलेला, फोटोत लई भारी दिसणारा ‘हंटिंग नाईफ’ पहिल्या ओंडक्यावर मुठीतून सुटून आला. आत बघितलं तर पात्याचं शेपूट बोटाएवढं सुद्धा नाही. म्हणून चाकू घेताना पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय का बघा, म्हणजे फुल टँग. नसेल तर त्यानं फळं कापा, लाकूड फोडू नका. मोरा सुद्धा फुल टँग नाही बरं का, पण बनावट प्रामाणिक आहे, सोलायला-कोरायला त्याच्यासारखा नाही, ओंडके फोडायला आपली कुऱ्हाड आहे की.

निमाडची_नात

धारेचं कुणीच लिहिलं नाही! मला वॉटरस्टोन, म्हणजे पाणी लावून धार करायचा दगड, परवडत नाही, १००० आणि ३००० ग्रिटचा मिळून जो सेट असतो त्यात माझी महिन्याची मेस येते. आजी चिनी मातीच्या बरणीच्या बुडावर सुरी घासायची, ते खरंच चालतं का की मनाचं समाधान?

कमानीपट्टा

चालतं! कपाच्या-बरणीच्या बुडाला जी न रंगवलेली खरखरीत कड असते ती पोलादापेक्षा कडक असते. आजीला दंडवत. फक्त कोन एकसारखा ठेव, साधारण २० अंश, म्हणजे काटकोनाचा अर्धा आणि त्याच्या अर्ध्याहून किंचित कमी. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेनं ओढ, पात्याची पाठ पुढे. टोमॅटो न दाबता कापला गेला की झालं. मोराचं सोपं, त्याचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर पूर्ण टेकवला की कोन आपोआप मिळतो.

आणि कार्बन स्टीलवाल्यांनो, लिंबू-चिंच कापून तसाच ठेवला तर काळा पडणार, घाबरू नका, तो थर गंजापासून थोडं वाचवतोच. पण लाल दिसलं की राखेनं घासा, पुसा, तेल लावा.

उत्खननवेडा

एवढं पोलादाचं चाललंय म्हणून थोडं मागे नेतो. चोरल जाऊन नर्मदेलाच मिळते, आणि महेश्वरच्या समोर दक्षिण काठावर नावडाटोली आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५२-५३ पासून तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गावं, तांबं माहीत होतं पण महाग, म्हणून घरोघरचं कापाकापीचं काम दगडाच्या पात्यांवर. चाल्सिडनी नावाच्या गारेसारख्या दगडाची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, पातळ, सरळ कडेची पाती ढिगानं सापडली. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत ओळीनं बसवली की विळा तयार, एक तुटलं तर तेवढंच बदलायचं.

पुढच्या वेळी मुलांना हे दाखवा. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, त्याच्या पोकळ्यांत चाल्सिडनी आणि अगेट (अकीक) तयार होतं आणि नदीच्या गोट्यांत मिळतं. जाड कापडावर ठेवून गोल दगडानं कडेला ठोका दिला तर कपची निघते, तिनं मी कोथिंबीर, दोर आणि पेरू कापलेत. चष्मा आणि हातमोजे घालूनच, कपच्या डोळ्यात उडतात, आणि लहानांनी ठोकायचं नाही, नुसतं कापून बघायचं. जुन्या वस्तीच्या पांढरीवरून मात्र काही उचलू नका, नदीतलाच गोटा घ्या.

रामबागेची_सून

हे भारीये!! ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणतात, मग दगडाचं पातं हे एक धरायचं की नाही. म्हणजे पुन्हा पलंगावर मांडामांड, आता दगडांची.

डॉक्टरीणबाई_तिलकनगर

प्रथमोपचाराचं सामान कुणी नेलं होतं? धाग्यात उल्लेख नाही म्हणून विचारते. चाकू आणि मुलं एकत्र म्हणजे निर्जंतुक गॉज, पट्ट्या आणि रुंद बँडेज हवंच. कापलं तर हळद शोधत बसू नका, स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा, हात वर उचला, आणि सारखं उघडून ‘थांबलं का’ बघू नका. त्यानंच पुन्हा वाहतं. दाबूनही थांबत नसेल, किंवा बोट वाकत नसेल, बधिर झालं असेल तर गाडी काढा. निघण्याआधी सगळ्यांचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा, मोठ्यांचं हमखास राहिलेलं असतं.

दुसरं, आणि हे मी जोरात सांगते. साप चावला तर चाकूचं काहीही काम नाही. चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे मिळतं, ते दवाखान्यात. चावलेला हात-पाय हलू न देता, माणसाला चालायला न लावता सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. आणि तुम्ही पराळ अंथरून जमिनीवर झोपलात ना, मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा कधीकधी कळतही नाही. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या, थंडी असली तरी.

रामबागेची_सून

डॉक्टर, पेटी होती, एका वहिनी नर्स आहेत त्यांनी आणलेली. वापर झाला तो फक्त एकांच्या अंगठ्याला, आणि तो चाकूनं नाही, ओपिनेलचं कडं न फिरवता मिटायला गेले तेव्हाही नाही, तर डाळीचा डबा उघडताना पत्र्यानं. मच्छरदाणीचं लिहून घेतलं.

सुदामानगरकर

बरं ते सगळं ठीक. पण नऊ वर्षांची मुलगी चमचा कुठल्या लाकडाचा करून राहिली आहे? साग?

रामबागेची_सून

साग नाही हो, तिला कडक जातो. शिवणीचा तुकडा मिळाला होता एका सुताराकडे, मऊ आणि सरळ रेषेचं लाकूड, सोललं की लोण्यागत निघतं. कडुलिंबाचा करायला घेतला होता पण कोरून कोरून हात दुखले तिचे, आणि त्या चमच्यानं खीर कडू लागेल असं आजीनं जाहीर केलं. खोलगट भाग अजून झालेला नाही, त्याला वाकड्या पात्याचा चाकू लागतो, तो विकत घ्यायचा आहे असं ह्यांनी फार दुःखी चेहऱ्यानं सांगितलंय.

बडोद्याचा_बंडू

आम्ही बडोद्याहून येऊ शकतो का पुढच्या वेळी? पावागडच्या पायथ्याशी असं काही करायचं मनात होतं पण तिथे एवढी मंडळी जमत नाहीत. चाकू अजून घेतलेला नाही, घरात एकच स्विस नाईफ आहे लाल, मामांनी दिलेला, तेवढ्यावर भागेल?

कमानीपट्टा

भागेल की. लाकूड फोडू नकोस, बाकी खुंटी, दोर, डबा, काटा सगळं होतं त्यानं, आणि त्यातली छोटी करवत फार गुणी असते. आधी तेवढ्यावर ये, इथे सगळ्यांचे हातात घेऊन बघ, मग पैसे घाल. पहिला चाकू फोटो बघून घेणाऱ्यांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

निमाडची_नात

तारीख ठरली की मला टॅग करा, बडवाहून मी पोचते, गराडू, म्हणजे तळून खायचे कंद, आमच्या शेतातले आणीन, तेल आणि कढई तुम्ही आणा. वरून भुरभुरायचा जीरावन मसाला विसरलात तर मी परत जाईन.

बडोद्याचा_बंडू

एक शेवटचं. बाबा पण यायचं म्हणतायत. त्यांच्याकडे आजोबांचा पितळी अडकित्ता आहे आणि तोच आणणार असा हट्ट आहे. एका माणसाला एकच म्हणालात म्हणून विचारतो, त्याला दोन पाती असतात.

रामबागेची_सून

कापणारं एकच असतं, चालेल. सुपारी त्यांचीच.